डावखुऱ्याची पाठ

तो गवताकडे बघत होता. कमरेत वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून, इतकं मन लावून की मला वाटलं, याचं काही हरवलं असावं.

मी धुतलेले टॉवेल वाळत घालायला मागच्या दाराने बाहेर आले होते. क्लबातल्या आमच्या मालिशच्या खोलीमागेच गोल्फच्या सरावाचं मैदान सुरू व्हायचं. सगळे त्याला रेंज म्हणायचे. सकाळची वेळ, गवत दवाने ओलं, आणि त्या लांबलचक हिरव्या पट्ट्यावर एकटाच हा. पहिला टॉवेल दोरीवर टाकला तेव्हा तो वाकलेला होता. टोपली रिकामी झाली तरी वाकलेलाच. चेंडू छोट्याशा लाकडी खुंटीवर नीट बसवलेला, काठी शेजारी पडलेली... आणि माणूस मात्र जागचा हलेना.

मी जवळ गेले. काही शोधताय का, म्हणून विचारलं.

"नाही, नाही. गवत बघतोय," तो खाली बघतच म्हणाला. "छान आहे इथलं गवत."

"कधीपासून बघताय?"

मग अगदी बारीक आवाजात — "तुम्ही निळा टॉवेल टाकलात ना... तेव्हापासून."

निळा टॉवेल सगळ्यात आधी टाकला होता मी.

हसायचं नाही, असं स्वतःला बजावलं आणि खालचा ओठ दाताखाली धरला. त्याच्या पाठीत उसण भरली होती. चेंडू ठेवायला वाकला आणि तिथेच अडकला. वर येता येईना, आणि एका अनोळखी बाईला हाक मारायची लाज वाटत होती. मी त्याला सांगितलं, सरळ व्हायचा प्रयत्न करू नका, उलट गुडघे वाकवा, माझ्या खांद्यावर हात ठेवा आणि श्वास सोडा. त्याने मान वर केली. घामाने डबडबलेला चेहरा, आणि त्यात दोन डोळे... एवढं दुखत असूनही स्वतःच्याच फजितीवर हसणारे.

त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. दिवसभर लोकांच्या अंगाला हात लावायचं माझं काम. माझ्या अंगाला कुणाचा हात लागला की कसं वाटतं, ते मी विसरूनच गेले होते.

खेकड्यासारखे तिरके चालत आम्ही खोलीत पोहोचलो. खोली माझ्या मावशीची. तिच्या अंगठ्याला सगळा क्लब वचकून असायचा. आईच्या पाठची ती एकटीच बहीण. मी खेळाडूंच्या मालिशचं रीतसर शिक्षण घेऊन आले ते तिच्याच हाताखाली. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, टॉवेल टाकायला गेली होतीस ना, मग हे काय उचलून आणलंस?

त्याला टेबलावर पालथं झोपवलं. मी हात धुतले, पुसले, डोळे मिटले. देवाचं नाव घेतल्याशिवाय मी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. हा माझा रोजचा नेम. टेबलाला तोंडासाठी जे भोक असतं, त्यातून आवाज आला —

"एवढ्या गप्प का? फार वाईट आहे का?"

"प्रार्थना करतेय."

"माझ्यासाठी?"

"माझ्या हातांसाठी."

तो हसला, आणि हसल्यामुळे कळवळला.

गोल्फ खेळणाऱ्यांच्या पाठी मला ओळखू येतात. रोज शेकडो वेळा एकाच बाजूला वळून त्यांची एक बाजू दोरखंडासारखी घट्ट होते आणि दुसरी बिचारी ताणून ताणून थकते. पण इथे सगळं उलटं होतं, आरशात बघितल्यासारखं. उजवा खुबा तर असा आखडला होता, जणू गंजलेली बिजागरी.

"तुम्ही डावखुरे आहात," मी म्हणाले.

"पाठीवर लिहिलंय का तसं?"

"ठळक अक्षरांत."

त्या दिवसापासून मावशीने त्याचं नाव डावखुरे ठेवलं. अहो डावखुरे, इकडे या. अहो डावखुरे, बूट बाहेर.

तो सकाळी रेंजवर मुलांना शिकवायचा आणि उरलेला दिवस स्वतः सराव करायचा. मालिश म्हणजे रिकामटेकड्या लोकांचे चोचले, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने टेबलावर पडल्यापडल्याच सांगून टाकलं. मावशी पडद्याआडून म्हणाली, "शर्यतीच्या घोड्यालासुद्धा खरारा करतात. तुम्ही काय त्याच्याहून मोठे लागून गेलात?"

मी त्याला समजावून सांगितलं. खुबा वळत नाही म्हणून कंबर वळत नाही. कंबर अडते म्हणून पाठीची ओढाताण होते. पाठ थकली की मनगटं घाईघाईने काम उरकायला बघतात, आणि मग कोपर दुखायला लागतं. एका आळशी भावाचं काम सगळं घर करत असतं, तसं. स्नायू मोकळे झाले, त्यांत रक्त नीट खेळायला लागलं की काठी आपोआप सहज फिरेल, रात्री झोप लागेल, दुसऱ्या दिवशी अंग आंबणार नाही.

"आळशी भाऊ," तो पुटपुटला. "आमच्या घरात तो मीच."

मग हळूहळू कळलं. पुढच्या महिन्यात पात्रता फेरी होती. त्यात वरच्या मोजक्या लोकांत आला, तर वर्षभर मोठ्या स्पर्धांत व्यावसायिक म्हणून खेळता येणार होतं. आधी दोनदा तो थोडक्यात हुकला होता. या वेळी नाही जमलं, तर दूरच्या शहरात मोठ्या भावाच्या फरशांच्या दुकानात बसायचं, असा शब्द त्याने दादाला दिला होता.

"दादाचं काही चुकत नाही," तो म्हणाला. "फरशाही वाईट नसतात. फक्त... त्या कुठे जात नाहीत."

तो येऊ लागला. एक दिवसाआड, दुपारी. मी खुब्यावर कोपराने सावकाश वजन टाकायची, खांद्याच्या पात्याखाली बोटं सरकवायची, हातांच्या पंज्यांना तेल लावून एकेक बोट ओढायची. त्याची बोटं लांब होती, आणि तळव्याला काठीच्या मुठीचे घट्टे. काल कशी झोप लागली, सकाळी मोजे घालताना पाय किती वर आला, हे तो असं रंगवून सांगायचा की जणू डोंगर चढून आलाय. मी हो-नाही म्हणायची. पण त्याची यायची वेळ झाली की माझ्या हातून एकाच टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा मोडायची आणि पुन्हा पुन्हा घातली जायची.

"फाटेल गं तो," मावशी म्हणायची.

आणि त्याची पाठ खरंच मोकळी झाली. तो वळला की खांदे, कंबर, खुबा — सगळं एका लयीत वळायचं. बघणाऱ्यालाही मोठा श्वास घ्यावासा वाटावा, असं. मी मनातल्या मनात इतकी खूश होते... आणि तिथेच आमची फसगत झाली.

क्लबचा सरावाचा सामना होता. आमच्या खोलीच्या पुढच्या अंगणापलीकडे शेवटचं ग्रीन — म्हणजे खड्ड्याभोवतीची ती गुळगुळीत हिरवळ. मी अंगणात टॉवेल भिजवत बसले होते. अचानक आकाशातून काहीतरी आलं आणि धप्पकन माझ्या बादलीत पडलं. साबणाचं पाणी तोंडावर उडालं. बादलीत हात घातला तर — गोल्फचा चेंडू.

थोड्या वेळाने चेंडूचा धनी आला. कुंपणाच्या पलीकडे उभा राहिला. मी ओल्या हाताने चेंडू पुढे केला. त्याने घेतला नाही.

दिवसभर त्याचा प्रत्येक फटका असाच पुढे गेला होता. ग्रीनच्या पुढे, झुडपांत, वाळूत, आता बादलीत. बरोबरची मंडळी हसत होती. कोणत्या काठीने चेंडू किती लांब जातो, हे त्याच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं होतं; पण ते सगळं त्या अडलेल्या खुब्याला धरून. खुबा मोकळा झाला, फटक्यात जोर आला, आणि त्याचा अंदाजच कोसळला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याच्याही. आम्ही दोघं मोकळ्या पाठीच्या आनंदात बुडालो होतो.

"मला माझी जुनी पाठ परत द्या," तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. मला पटकन बोलताच येत नाही. राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो.

"मी यायचा थांबलो, तर पुन्हा आखडेल ना?" त्याने विचारलं. "फेरीपर्यंत?"

मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. आता काही उपयोग नाही, झालं ते झालं, असं सांगितलं असतं तर तो येत राहिला असता. पण ते खरं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "आठवडाभरात आखडायला लागेल. तुमचे जुने अंदाज परत येतील, कदाचित फेरीही निघेल. आणि मग एक दिवस वाकाल, आणि त्या दिवशी टॉवेल वाळत घालणारं कुणी नसेल."

तो गेला. चेंडू माझ्याच हातात राहिला.

चार दिवस आला नाही. मी सकाळी हात धुऊन डोळे मिटायची आणि नाव घेता घेता मध्येच त्याची पाठ डोळ्यांसमोर यायची. फार संकोच वाटला मला देवासमोर. मावशी सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, माणसाने घर बदललं की पहिले काही दिवस अंधारात भिंतींना धडकतो. म्हणून काय जुन्या घरी परत जायचं? दिवे कुठे आहेत, ते कुणीतरी दाखवायला नको?

मी मागचं दार उघडलं आणि रेंजवर गेले. संध्याकाळ होती. तो होताच तिथे — मारत नव्हता, काठ्या नुसत्या पुसत बसला होता. आभाळ भरून आलं होतं.

मी म्हणाले, "सगळ्यात छोटी काठी काढा. मारा. मग जिथे चेंडू पडेल तिथपर्यंत चालत जाऊ."

"चालत?"

"पायांना कळलं की डोक्याला कळेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला.

त्या संध्याकाळी एक काठी शिकलो, दुसऱ्या दिवशी दुसरी. त्याचं दुपारचं टेबलावर येणंही पुन्हा सुरू झालं. तो चेंडू मारायचा आणि आम्ही त्या चेंडूपर्यंत चालत जायचो. उभं राहून मागे वळून बघायचं, अंतर डोळ्यांत भरून घ्यायचं, परत यायचं. पूर्वी सात नंबरच्या काठीने चेंडू जिथे जायचा, तिथे आता त्याहून छोट्या आठ नंबरने जातोय, हे कळल्यावर तो लहान मुलासारखा हरखला. रिमझिम सुरू झाली की तो गोल्फची छत्री उघडायचा. ती छत्री एवढी मोठी की तिच्याखाली चार माणसं कोरडी राहावीत. तरी आम्ही दोघं अगदी जवळजवळ चालायचो. छत्रीच्या कडेवरून थेंब ओघळायचे, ओल्या गवताचा वास यायचा आणि बोलणं कुठून कुठे जायचं... त्याच्या शाळेतले मास्तर त्याचा डावा हात बांधून ठेवायचे, माझी आई माझ्यासाठी शांत मुलगा शोधतेय, असं सगळं.

"शांत म्हणजे किती शांत?" त्याने विचारलं.

"गवत बघत बसेल एवढा."

तो थबकला. छत्री पुढे गेली आणि मी एकटीच भिजले — नाही, छत्री त्याच्याच हातात होती, पुढे गेले ते मी. मला कळलंच नाही मी काय बोलून गेले ते.

फेरीच्या आदल्या आठवड्यात मावशीने फर्मान काढलं. उद्यापासून डावखुऱ्यांची पाठ ती बघणार.

का, म्हणून मी विचारलं. हात तर माझाही चांगलाच होता.

"चांगलाच आहे," मावशी शांतपणे म्हणाली. "पण काल त्याच्या खांद्यावर हात ठेवलास आणि दाबायचं विसरलीस."

माझे कान तापले. खोटं नव्हतं. जे टेबलावर झोपतात ते विश्वासाने झोपतात. तिथे माझ्या मनातलं काही हातात उतरता कामा नये. मी तेलाची बाटली मावशीच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून त्याचं विव्हळणं ऐकू येत होतं, आणि मध्येच विचारणं — त्या कुठे आहेत? रागावल्यात का? मावशीने त्याला एवढंच सांगितलं, की तोंड बंद ठेवलं तर पोटरी लवकर सुटते.

फेरी दुसऱ्या गावच्या मैदानावर होती. मावशी आणि मी पहाटेच्या बसने गेलो. खेळायच्या सकाळी स्नायू खोल दाबायचे नसतात, नुसते जागे करायचे असतात. मावशीने त्याला बाकावर बसवून मांड्या आणि पाठ भराभर चोळून, थोपटून दिली. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या बुटांकडे. देवाकडे मी जिंकणं मागत नाही, तो माझा रिवाज नाही. त्या दिवशी एवढंच मागितलं, की त्याचं अंग त्याला ऐकू येऊ दे.

तो सुंदर खेळला, मध्येच घसरला, पुन्हा सावरला. शेवटच्या खड्ड्याचा खेळ सुरू झाला तेव्हा तो निवडीच्या अगदी काठावर होता. गुणांच्या फलकाजवळ उभी असलेली माणसं कुजबुजत होती — इथे एक फटका जास्त गेला की संपलं. मला समोर फरशाच दिसायला लागल्या. चकचकीत, रांगेने लावलेल्या.

ग्रीनच्या अलीकडे तळं होतं. बरोबरच्या दोघांनी लांबची काठी घेतली आणि सुखरूप पलीकडे पोहोचले. त्याचा हातही तिकडेच गेला. तीच काठी, जी त्याच्या जुन्या पाठीने डोळे मिटून घेतली असती. ती त्याने अर्धी बाहेर काढली. नको... नको ती. पण मी हूं की चूं केलं नाही; खेळ त्याचा होता.

तो थांबला. काठी तशीच धरून त्याने खांदे एकदा डावीकडे वळवले, एकदा उजवीकडे. खुबा फिरवून बघितला. कुणाला तरी विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, तसा क्षणभर उभा राहिला. मग ती काठी परत पिशवीत सरकवली आणि छोटी काढली.

मावशीने माझं मनगट पकडलं.

तो वळला — सगळा वळला, टाचेपासून खांद्यापर्यंत — आणि चेंडू उडाला. तळ्यावरून जाताना इतका संथ वाटला की मला त्याला ढकलावंसं वाटत होतं. पलीकडच्या काठावर टेकला, एक उडी मारली, खड्ड्याच्या दिशेने घरंगळत गेला आणि थांबला. खड्ड्यात रोवलेल्या झेंड्यापासून हाताच्या अंतरावर.

मावशी आनंदाने काहीतरी ओरडली. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

उरलेल्या हलक्या टोल्याने त्याने चेंडू खड्ड्यात घातला, पण निकालाचा फलक लागायला वेळ लागला. निवडलेल्यांत त्याचं नाव सगळ्यात शेवटी होतं. शेवटी, पण आत. त्याने दादाला फोन लावला, दोन शब्द बोलला, डोळे पुसले. मग गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आला. मावशीला अचानक पाण्याची बाटली आणायची आठवण झाली.

तळ्याच्या काठी आम्ही उभे होतो. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं, मला काय ऐकायचंय ते माहीत होतं.

"आता वर्षभर फिरावं लागेल," तो म्हणाला. "गावोगावी. तुम्ही... तुम्ही याल का बरोबर? म्हणजे — पाठीसाठी."

एवढा मोठा खेळाडू, आणि हा फटका मारायचा तो पाण्यात.

"पाठीसाठी मावशीला न्या," मी म्हणाले. "तिचा हात माझ्यापेक्षा खमका आहे."

"मावशी नको."

"मग तिकडे प्रत्येक क्लबात मालिश करणारे असतात. चांगले असतात."

"तेही नकोत."

"मग पाठीचं काय करणार?"

त्याने टोपी काढली. केसांतून हात फिरवला. आणि पहिल्यांदाच तुम्हीवरून तूवर आला, इतक्या हळू की वारा असता तर मला ऐकूही आलं नसतं.

"पाठ दुखली नाही, तरी तू हवी आहेस."

मी खाली बघितलं. मग वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत तळ्याचं सगळं पाणी हलत होतं.

"आईला भेटायला यावं लागेल," मी म्हणाले. "तिला शांत मुलगा हवाय."

"मी गप्प बसेन. तासन् तास."

"आणि माझ्या टेबलावर पुन्हा झोपायचं नाही. तुमची पाठ आता कायमची मावशीकडे."

हे ऐकून त्याचा चेहरा जरा पडला, पण त्याने मान डोलावली. मग हात पुढे केला — डावा. मी माझा हात त्यात ठेवला. सवयीने माझी बोटं हलली असावीत, कारण तो कुतूहलाने वाकून बघायला लागला.

"काय सापडलं? गाठ? ताण?"

"काही नाही," मी म्हणाले. "नुसता हात आहे."

"मग राहू दे," तो म्हणाला.

मी राहू दिला.